मधला चेहरा

२ मार्च, सोमवार

आजपासून आपण थिएटरवाले! कोल्ड स्टोरेजला रामराम ठोकला. तिथे पेट्या उचलून बोटं अशी सुन्न व्हायची की शर्टाची बटणं दुसऱ्याकडून लावून घ्यावी लागायची. डाव्या हाताची बोटं अजून नीट वळत नाहीत. ग्लास धरला तर सुटतो. पण इथे कुठे वजन उचलायचंय? दारात उभं राहायचं, तिकीट फाडायचं, उशिरा येणाऱ्याला बॅटरी दाखवून खुर्चीपर्यंत न्यायचं, शो सुटला की झाडू मारायचा. आणि सिनेमे फुकट!

राहायला जागाही दिलीय. थेट पडद्याच्या मागे. जुनी पोस्टरं, मोडक्या खुर्च्या, माझ्याहून उंच स्पीकर आणि कोपऱ्यात माझी खाट. मला वाटायचं पडदा म्हणजे भिंत असेल. तसं नसतं. जाड रबरी कापड असतं आणि त्याला सुईने टोचल्यासारखी बारीक बारीक भोकं, आवाज पुढे जावा म्हणून. भोकाला डोळा लावला की सगळ्या खुर्च्या दिसतात. जागा गार आहे, पण मला गारठ्याचं काय कौतुक! इतकी वर्षं बर्फातच काढली.

ही वही धाकटीने दिली. मी सातवीत शाळेला टांग मारली आणि ती आता कॉलेजात. रोज चार ओळी लिहायच्या, नाहीतर अक्षर बिघडेल, घरी आलास की तपासणार आहे, असा दम भरलाय बाईसाहेबांनी. मोठा भाऊ कोण आणि लहान कोण, काही कळत नाही.

४ मार्च, बुधवार

माणसं बरी आहेत. तिकीट खिडकीवर एक मावशी बसतात. त्यांचं तोंड म्हणजे फटाक्यांचं दुकान. सुट्टे नसले की गिऱ्हाइकाला असं काही बोलतात की गिऱ्हाईकच हसत सुटतं, आणि मग त्या स्वतः हसल्या की काच थरथरते. मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, की मेल्या, बॅटरी लोकांच्या पायावर मारायची, तोंडावर नाही, तू काय पोलीस आहेस? वर केबिनमध्ये ऑपरेटर काका. फार बोलत नाहीत. आणि साहेब. साहेबांना फक्त तक्रार नको असते.

खरी बातमी म्हणजे शुक्रवारी आमच्याकडे ‘खुर्ची’चा सिनेमा लागतोय! धाकटीचं लाडकं पुस्तक. मला कुठलं एवढं जाड पुस्तक वाचता यायला, तिनेच मला ते फोनवर वाचून दाखवलं, रोज जेवणाच्या सुट्टीत. एक शहर असतं. तिथे पंधरावं लागलं की पोराला एका खुर्चीत बसवतात आणि त्याच्यातला सगळा जोर काढून घेतात. राग, हसू, रडू, सगळं. मग ते गप कामाला लागतं. एका मुलीच्या भावाचा जोर असा काढून घेतलेला असतो. शेवटी तिलाही खुर्चीत बसवतात आणि ती अशी किंचाळते की खुर्ची फुटते आणि सगळ्यांचं सगळं परत येतं. ते पान वाचताना धाकटी फोनवर खरोखर किंचाळली होती. आई ओल्या हातांनी धावत आली, शेजारचे आले, आणि इकडे माझ्या हातातला डबा पडला. ती किंकाळी मी मरेपर्यंत ओळखेन.

सिनेमा एकत्र बघायचा असं ठरलंय. तिच्या गावात तो लागणार नाही.

६ मार्च, शुक्रवार

डोकं फिरलंय.

सकाळी सिनेमाच्या कंपनीच्या माणसांनी बाहेरच्या दाराशी एक खांब बसवला. त्यावर तीन चेहरे. एक हसरा, एक सरळ तोंडाचा, एक रागावलेला. सिनेमा कसा वाटला ते जाता जाता दाबायचं. मला वाटलं, हसरा आजच झिजणार. शो हाउसफुल, अर्ध्या पोरापोरींच्या हातात ते पुस्तक, आत जाताना नुसता कालवा!

बाहेर आले ते सगळे गप. ओळीने आले, ओळीने मधला चेहरा दाबला, गेले. एकानेही हसरा दाबला नाही, एकानेही रागावलेला नाही. एका मुलीने आत जाताना पुस्तक छातीशी धरलं होतं. तिला विचारलं, किंकाळी कशी घेतलीय? ती म्हणाली, ठीक आहे. मी म्हटलं, अगं पण घेतलीय ना? म्हणाली, ठीक आहे. पुस्तक पायरीवर विसरून गेली.

शेवट मी बघितला नाही. ती मुलगी खुर्चीत बसली की मला दारं उघडायला पळावं लागतं. जेवढा बघितला तेवढा बरा वाटला मला. मग ह्यांना झालं काय? आवडला नसेल तर शिव्या घाला, पैसे परत मागा, पण काहीतरी करा ना!

८ मार्च, रविवार

धाकटीला सांगितलं, लोक नुसतं ठीक म्हणतायत. ती उसळलीच. शेवट बदलला असणार, म्हणाली. किंकाळी कापली असेल तर मी त्या दिग्दर्शकाला सोडत नाही, परीक्षा वीसला संपतेय, बावीसला येते, दुपारचं तिकीट काढून ठेव, आणि दादा, तू माझ्या आधी शेवट बघितलास तर बघच. मला हसू आलं. ह्या एका पोरीत आमच्या आख्ख्या थिएटरपेक्षा जास्त जोर आहे.

११ मार्च, बुधवार

तेच लोक परत येतायत. पुस्तक विसरलेली ती मुलगी रोज. विचारलं, आवडलाय का एवढा? नाही. मग का येतेस? असंच. काउंटरवर ठेवलेलं पुस्तक पुढे केलं तर बघून पुढे गेली.

आज एक लहान मुलगा वडिलांच्या मागून बाहेर येताना पायरीवरून तोंडावर आपटला. ओठ फाटला, शर्टभर रक्त. रडला नाही. बाप थांबला, वाकला मात्र नाही. पोरगं आपलं आपण उठलं, टाचा उंच करून त्याने मधला चेहरा दाबला. बटणावर रक्ताचा ठिपका. मी पुसला. बापावर खेकसलो, तर तो माझ्याकडे बघत राहिला, जसं मी दुसऱ्याच कुणाला बोलतोय.

माझ्या जागेत उकडायला लागलंय. पडद्याला पाठ लावली तर चुलीशेजारी बसल्यासारखं वाटतं. स्पीकर तापत असतील.

१४ मार्च, शनिवार

साहेबांनी आज कामगारांना फुकट शो दिला. मावशी गेल्या. जाताना म्हणाल्या, बघू तरी ह्या कार्टीला कुठल्या खुर्चीत बसवतात ते, खिडकीवर बसून माझी कंबर गेली त्याचं कुणी बघत नाही. मी दारावर होतो म्हणून राहिलो.

संध्याकाळी त्यांना फोन आला. मुलीला मुलगी झाली. वर्षभर ह्याच बातमीची वाट बघत होत्या, आम्हाला सगळ्यांना जेवण घालणार होत्या. ठीक आहे, म्हणाल्या, फोन ठेवला आणि तिकिटं फाडत बसल्या. मी चिडवलं, मावशी, आजी झालात! हो, म्हणाल्या. मी मुद्दाम सुट्टे मागून त्रास दिला. काही नाही. एक शिवी नाही.

साहेबांकडे गेलो. ते खूश. तक्रार एकही नाही, म्हणाले, असा सिनेमा मिळायला नशीब लागतं.

मग केबिनमध्ये गेलो. काका काचेकडे पाठ करून बसले होते. शेवट होईपर्यंत वळायचं नाही असं त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलंय. त्या दिवशी त्यांनी पडद्याकडे नाही, लोकांकडे बघितलं होतं. मुलगी किंचाळायला तोंड उघडते तेव्हा सिनेमाचा आवाजच जातो, म्हणाले. नुसतं तोंड. आणि तेव्हा खालचे सगळे तोंड उघडतात. एकदम. आवाज न करता. मग पडदा पांढरा होतो आणि तोंडं मिटतात.

मला उद्यापासून शोधू नकोस, म्हणाले.

१७ मार्च, मंगळवार

काका खरंच आले नाहीत. मशीन साहेबच चालू करतात.

सकाळी थिएटर रिकामं असताना पडद्याला मागून कान लावला. स्पीकर बंद होते, वायर मी स्वतः काढली. तरी आवाज होता. खूप माणसं, लांबून, कोंडल्यासारखी. कुणी रडत होतं. लहान पोर होतं, तेच बहुतेक, पडल्यावर जसं रडतं तसं. आणि मग हसू. काच थरथरवणारं. मावशींचं हसू. आणि मावशी तेव्हा बाहेर खिडकीवर गप बसलेल्या होत्या.

हात भाजला.

१९ मार्च, गुरुवार

धाकटीला फोन केला, येऊ नकोस. कारण सांगितलं तर हसायला लागली. मग चिडली. तुला माझ्याआधी बघायचाय, मला ओळखतोस ना तू, दादा असलास म्हणून हुकूम सोडायचे नाहीत, बसचं तिकीट काढलंय मी. मीही ओरडलो. तिने फोन आपटला. ठीक. म्हणजे बरं झालं. चिडू दे. चिडते आहे तोवर ती आहे.

साहेबांना म्हटलं, सिनेमा काढा. ठीक आहे म्हणाले आणि काढला नाही. मावशींना गदागदा हलवलं. माझ्या हातात त्या पोत्यासारख्या हलल्या.

आता दुपारच्या शोला शेवटाच्या आधी आत घुसतो आणि एकेकाला कॉलर धरून उठवतो. कुणीतरी चिडेल. एकाने तरी मला मारावं —

२० मार्च, शुक्रवार

काल आत गेलो. ओरडलो, उठा, बाहेर व्हा. कुणी उठलं नाही. मी आणखी ओरडलो. मध्येच आवाज गेला. सिनेमाचा आणि माझाही. माझं तोंड उघडं होतं. पडद्याला पाठ होती, म्हणून बघितलं नाही असं मला वाटत होतं. पण शेवटी वळलोच असेन. पांढरं आठवतंय.

ठीक होतं.

बाहेर येताना मी काय दाबलं ते लिहीत नाही.

२१ मार्च, शनिवार

चिमटे काढले. दारात बोट चेंगरून बघितलं. दुखतं. त्याचं काही वाटत नाही.

राग यायला हवा. कुठे ठेवलाय ते माहीत आहे. भोकांच्या पलीकडे नाही, अलीकडेही नाही, मधेच कुठेतरी. कान लावला तर मीच ऐकू येतो. उठा, बाहेर व्हा. फार घसा फोडून ओरडतोय मी तिथे. ऐकून बरं वाटलं. म्हणजे ठीक वाटलं.

धाकटीचा फोन. बसमध्ये बसतेय म्हणाली. राग गेलाय तिचा, गाणं म्हणत होती. मला म्हणायचं होतं, येऊ नकोस. जिभेवर होतं.

म्हणालो, ठीक आहे, ये.

२२ मार्च, रविवार

आली. गळ्यात पडली. बारीक झालास, म्हणाली. एवढा गप का, अजून चिडलायस का माझ्यावर?

नाही म्हणालो.

तिकीट मीच फाडलं. बॅटरी पायावर मारली. खुर्ची दाखवली. मधली रांग. शेजारी बस म्हणाली, एकत्र बघायचं ठरलंय ना. येतो म्हणालो.

पुस्तकही आणलंय तिने. मांडीवर आहे.

आता पडद्यामागे बसलोय. भोकातून ती दिसते. पोस्टरं कापायचं कटर आणलंय. एवढं सुचलं. पडदा फाडला तर ते सगळं बाहेर — पुस्तकात खुर्ची फुटते तसं — बहुतेक. फाडायला काय, एक झटका. बसून आहे. बघू. होईल.

लिहितोय कारण लिहिताना हात हलतो. थांबलो तर तोही —

मुलगी खुर्चीत बसली. सिनेमातली.

धाकटी पुढे सरकली. डोळे मोठे. वाट बघतेय.

पडद्यातून मीच ओरडतोय. ऊठ की रे गाढवा. दादा आहेस ना तिचा. ऊठ. शिव्या देतोय मला. चांगल्या देतोय.

आवाज गेला.

सगळ्यांची तोंडं —

तिचंही.

आली. किंकाळी. तीच, फोनवरची. पुढून नाही, इथून, माझ्या कानाशी, पडदा फुगलाय, गरम —

कटर डाव्या हातात आहे. बोटं वळत नाहीत. उजव्यात घ्यायचं तर पेन ठेवायला हवं.

पांढरं होतंय.

ठेवतो. एवढं वाक्य पुरं झालं की पेन ठे