भोंगा चौक अजून बंद आहे

९ ऑक्टोबर २०२५

उद्घाटन परत पुढे ढकललं! दसरा म्हणाले होते, आता दिवाळी म्हणतात. अख्खी सोसायटी वैतागली आहे. लिफ्टमध्ये दुसरा विषय नाही. मीही तोंड पाडून "कठीण आहे बाई" म्हणाले, घरात आले आणि देवापुढे साखर ठेवली.

कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहिते.

पाच वाजता नेहमीप्रमाणे व्हिडिओसाठी गॅलरीत. मी मोबाइल धरायचा, ह्यांनी बोलायचं. सुरुवात ठरलेली – "नमस्कार मंडळी! भोंगा चौक अजून बंद आहे!" मग एकेक जिन्नस. पुलाचा कठडा – ओके. बस टर्मिनलच्या पायऱ्या – रिवर्क. पटांगणातल्या फरश्या – रिजेक्ट, रिजेक्ट, रिजेक्ट! ह्यांनी चाकणच्या कंपनीत अख्खा जन्म क्वालिटीत काढला, आता घरी माझ्या भाकऱ्यासुद्धा पास-नापास होतात.

खाली फलक आहे – 'आपल्या शहराचं नवं डाउनटाउन'. वर पूल, खाली बस टर्मिनल, मधे कारंजं असलेलं पटांगण. कारंजं अजून कुणी पाहिलं नाही, फलकाचा रंग मात्र उडाला.

१० ऑक्टोबर

साखर का ठेवली ते लिहायचं राहिलं.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये सासूबाई गेल्या आणि मेमध्ये हे रिटायर झाले. सासूबाई कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. हागणं-मुतणं, औषधं, कुशी बदलणं, सगळं मी केलं. त्या गेल्यावर माझं तसं ठीक होतं. झोप जास्त यायची, आणि खाली उतरायला नको वाटायचं, एवढंच. मागची झोप राहिली होती, दुसरं काय!

ह्यांचं मात्र बघवत नव्हतं. डबा नाही, कंपनीची बस नाही, शिफ्ट नाही. दिवसभर खुर्चीत बसून माझ्याकडे बघत राहायचे. कधीही डोळे उघडा, हे बघतायत. मला तर धडकीच भरायची. असा हिंडता-फिरता माणूस, आणि हे काय झालं!

मग एक दिवस खाली खोदकाम सुरू झालं. हे माझ्या उशाशी येऊन उभे. "विजू, ऊठ जरा. हा मोबाइल धर. मी बोलतो, तू व्हिडिओ काढ." मी नाइलाजाने उठले, केस बांधले, गॅलरीत गेले. त्या दिवशी ह्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं! तेव्हापासून रोज. माणूस परत माणसांत आला.

आता काम संपलं की? पुन्हा ती खुर्ची. मला विचार करवत नाही.

१४ ऑक्टोबर

स्वप्नालीने नाशिकहून मोबाइल लावायचा स्टँड पाठवला. 'आईचे हात दुखतात म्हणून.' लेक गुणाची आहे माझी. ह्यांनी स्टँड उलटा-सुलटा केला, पाय ओढून पाहिले आणि जाहीर केलं, "रिजेक्ट." तळमजल्यावरच्या वजीरभाईंना देऊन टाकला. नवा कोरा!

१७ ऑक्टोबर

रात्रंदिवस काम चाललंय. लायटी लागल्या, झाडं आली, आणि आज संध्याकाळी कारंजंसुद्धा उडालं! खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे बोलता बोलता थांबले. म्हणाले, "आता व्हायलंय वाटतं गं." आवाज अगदी पडला होता. जेवणात एकच भाकरी.

१८ ऑक्टोबर

सकाळी मोरया गोसावींच्या देवळात गेले. एकटी, रिक्षाने. हात जोडले आणि सरळ मागितलं – देवा, एखादं विघ्न येऊ दे. छोटंसं. कुणाला लागू नये, दुखू नये, फक्त काम लांबावं.

विघ्नहर्त्याकडे विघ्न मागणारी मी पहिलीच असेन. गणपती काय म्हणाला असेल!

२२ ऑक्टोबर

अरे देवा. कारंज्याचं पाणी खाली टर्मिनलमध्ये उतरलं. छत गळतंय, फरश्या फुगल्या. कुणाला इजा नाही. सगळं परत उखडणार. आता म्हणे डिसेंबरअखेर.

हे व्हिडिओत जाम कडाडले. "मंडळी, पाणी कुठून झिरपतं ते आधी बघायचं, का उद्घाटनाचं कार्ड आधी छापायचं?" खूप लोकांनी बघितला. व्हिडिओ संपल्यावर म्हणाले, "चल, मसाला दूध कर."

मला माझीच भीती वाटायला लागली आहे.

३ नोव्हेंबर

वजीरभाईंचं सीट कव्हरचं दुकान आमच्याच इमारतीत, खाली, बरोबर कामाभोवती लावलेल्या पत्र्यांच्या मागे. सकाळी दूध आणायला गेले तर स्टुलावर बसून होते. मी म्हटलं, "आज लवकर उघडलंत?" म्हणाले, "उघडायला काय वहिनी, कधीपण उघडतो. पण गाडी लावायलाच जागा नाही, तर सीट कुणाच्या शिवू?" दुपारनंतर ते तळवड्याला मेहुण्याच्या गॅरेजवर जातात. ह्या वयात दुसऱ्याच्या हाताखाली.

हसत बोलत होते. मला दुधाची पिशवी जड झाली.

संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, व्हिडिओत वजीरभाईंच्या दुकानाचा रस्ता सांगत जा. ह्यांनी लगेच सांगितला – मागच्या गल्लीतून, पिठाच्या गिरणीला वळसा घालून या, सीट कव्हर एक नंबर, मी स्वतः चेक केलंय. नुसतं सांगून भागेना. "चल, खाली जाऊन दाखवू." मग काय, गाऊनवरून साडीत, आणि गिरणीला वळसा! आता दर रविवारी हे असंच करायचं म्हणतात. पाय बोलतात माझे. पण पिठाचा वास छान येतो तिथे.

४ नोव्हेंबर

दोन गिऱ्हाइकं आली म्हणे व्हिडिओ बघून. देव मला थोडंफार माफ करेल.

२३ नोव्हेंबर

मंडईत एका भाजीवालीने ओळखलं. ह्यांना नाही, मला! "तुम्हीच ना त्या मागून 'अहो, डावीकडे सरका' म्हणता त्या?" मेथीची जुडी वर फुकट दिली. हे घरी येईपर्यंत हसत होते. स्वप्नालीला फोन करून सांगितलं, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला सांगितलं, वजीरभाईंना दोनदा सांगितलं. एवढं काय त्यात? पण मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

१६ डिसेंबर

आचारसंहिता लागली. उद्घाटन नाही! तयार झालेला पूल पत्र्याआड तसाच, निवडणुका होईपर्यंत. लोक संतापलेत. कुणी म्हणतं, आपणच नारळ फोडू. ह्या वेळी मी काही मागितलं नव्हतं हं, शपथ.

हे कॅमेऱ्यात तावातावाने बोलले. मग आत येऊन गुणगुणत लसूण सोलत बसले. मी मनात म्हटलं, सोला. आणखी थोडे दिवस सोला.

४ जानेवारी २०२६

जिन्यात गुलशनभाभी भेटल्या. वजीरभाईंच्या पत्नी. डोळे सुजलेले. खूप विचारलं तेव्हा बोलल्या. "ताई, हे आता दुकान विकायचं म्हणतात. मी म्हटलं, थोडा सबर करा, पूल सुरू होईल. तर म्हणतात, पूल आपल्यासाठी नाही, आपल्या मागे राहणाऱ्यांसाठी होतोय." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि वर मलाच म्हणाल्या, "तुमचे पाय कसे आहेत?"

घरी येऊन मी दार लावून रडले. माझा नवरा हसावा म्हणून ह्या बाईचा नवरा रडतोय, आणि मी साखर ठेवतेय!

६ जानेवारी

अंगारकी. देवळाबाहेर ही रांग! पण उभी राहिले. समोर आले तेव्हा सांगितलं – मोरया, मागचं मागणं मी परत घेते. पूल सुरू होऊ दे. लवकर होऊ दे. ह्यांचं काय करायचं ते माझं मी बघेन.

बाहेर आल्यावर वाटलं – काय बघणार आहे मी?

१२ फेब्रुवारी

बघायला सुरुवात केली. हास्यक्लब – नको. ज्येष्ठ नागरिक संघ – "तिथं सगळे बीपीवर बोलतात." बागेतलं भजनी मंडळ – "तू येणार असशील तर येतो." मला कुठे गाता येतं! कॅरम आणला. दोन दिवस खेळले, तेही मी समोर बसले म्हणून.

इतका हट्टी माणूस! माझ्याशिवाय एक पाऊल टाकायचं नाही म्हणजे काय? माझ्या माघारी कसं होणार ह्यांचं?

२ मार्च

मुहूर्त ठरला. गुढीपाडवा. आता मात्र नक्की. पत्रे काढायला घेतलेत. वजीरभाईंच्या दुकानावर इतक्या दिवसांनी ऊन पडलं. त्यांनी पाटी पुसली, मग पुन्हा पुसली. मला आनंद झाला. खरंच झाला. आणि वर बघितलं तर गॅलरीत हे उभे, एकटेच, कठड्याला धरून.

१३ मार्च

हे बोलत नाहीत. विचारलं तर "काही नाही." रात्री पाणी प्यायला उठले तर जागे. माझ्याकडे बघत होते. तेच बघणं! दोन वर्षांपूर्वीचं!

मी त्यांचा हात घट्ट धरला आणि झोपेचं सोंग घेतलं.

१९ मार्च – पाडवा

गुढी उभारली. श्रीखंड केलं. मग उद्घाटन.

काय ती गर्दी! ढोल, फटाके, पताका, पोरंबाळं खांद्यावर. फलकावर वर्षानुवर्षं बघितलेलं ते चित्र खरंच समोर होतं. नवीन बस आली तिला बायकांनी ओवाळलं. गेटापाशी म्हातारे कोंडीरामबाबा टोपी हातात धरून उभे होते – ही सगळी जमीन एकेकाळी त्यांची. "लई उशीर केला राव, पन ब्येस केलंय," म्हणाले आणि पटांगणाच्या मधोमध जाऊन खाली मांडी घालून बसले. कुणी उठवलं नाही.

पाच वाजता आम्ही दोघं कारंज्यापाशी. शेवटचा व्हिडिओ. "नमस्कार मंडळी! भोंगा चौक–" आणि ह्यांना पुढे बोलता येईना. मी म्हटलं, "अहो, डावीकडे सरका." तेव्हा हसले. म्हणाले, "भोंगा चौक उघडला. सगळं ओके. आमची बायको आज घरात नाही, इथं बाहेर आहे, म्हणून सांगतो, कॅमेरा तिनं धरला होता. रोज. नमस्कार."

शेवटचं वाक्य काय बोलले ते मला नीट कळलं नाही. त्यांना बहुतेक आनंदाने शब्द सुचत नव्हते.

२० मार्च

पाच वाजले. कुणीच उठलं नाही. हे खुर्चीत, मी पलंगावर. दोघंही एकमेकांकडे बघतोय.

२१ मार्च – ईद

गुलशनभाभी शीरखुर्मा घेऊन आल्या. नवी साडी, हातभर बांगड्या. दुकानात काल तीन गाड्या एकदम, म्हणाल्या. हे अंघोळीला गेले होते. भाभी दारातच घुटमळल्या, मग हळू आवाजात –

"ताई, एक विचारू? तुमचे सोपानभाई पाडव्याच्या सकाळी दुकानात आले होते. ह्यांचे हात धरले, म्हणाले, माफ करा वजीरभाई, तुमचं दुकान अडकून पडलं होतं आणि मी रोज मनात म्हणायचो, आणखी थोडे दिवस चालू दे. हे म्हणाले, का हो असं? तर रडायलाच लागले. म्हणाले, 'आई गेल्यावर विजू भिंतीकडं तोंड करून झोपायची. बोलायची नाही, जेवायची नाही. मला वाटलं, ही पण चालली. मग हे व्हिडिओचं काढलं. पाचला का होईना, उठून बाहेर यायची. आता काम संपलं. आता तिला कसं उठवू?' ताई, तुम्ही आजारी होतात? आम्हाला कधी कळलंच नाही."

मी शीरखुर्म्याची वाटी धरून उभी. भाभी कधी गेल्या ते कळलं नाही.

आजारी! मी ठीक होते की. झोप जास्त यायची, एवढंच –

भिंतीला हिरवट रंग होता आणि त्यात एक तडा होता. मला तो तडा आजही डोळे मिटून काढून दाखवता येईल.

हे टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले. माझ्याकडे बघितलं, घाबरून, तसंच. मी म्हटलं, "अहो, भजनी मंडळ किती वाजता असतं? मी येते."