उशिरा येणारा करपा आणि माझं पहिलं पत्रक

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसूनच घालतो आहे. कार्यालयातली जमीन अजून अंग टेकण्याजोगी झालेली नाही, का ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो आणि उतरताना दुखत नाही असं तुम्ही लिहिलं होतंत. त्यावर मामींनी सुचवलेला उपाय, म्हणजे चढूच नये, मला बिनतोड वाटला. मामींना नमस्कार सांगा. माझी प्रकृती उत्तम. वजन थोडं कमी झालंय, केस बरेच.

नवी नोकरी कशी चालली आहे असं तुम्ही विचारलंत. मी बारा वर्षं शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासली हे तुम्हाला ठाऊकच आहे. आता कृषी खात्याच्या माहिती कक्षात बसतो. काम ऐकायला अगदी सोपं आहे. वरच्या मजल्यावर ज्यांना सगळं कळतं ते बसतात, बाहेर शेतांत ज्यांना ते कळायला हवं ते असतात आणि मधल्या जिन्यावर मी. वरच्यांपैकी बटाट्याच्या रोगांचे जे तज्ज्ञ आहेत त्यांना सगळे सूक्ष्मसाहेब म्हणतात, कारण त्यांचा एक डोळा कायम सूक्ष्मदर्शकाला लावलेला असतो. (दुसरा मिटलेला. त्यामुळे ते आपल्याकडे पाहतात तेव्हा आधी बराच वेळ डोळे मिचकावतात. पहिल्या दिवशी माझा गैरसमज झाला होता.) माणूस सज्जन आहे, पण माणसांशी बोलायची सवय गेलेली.

तर गेल्या महिन्यात हवा गार झाली, सलग चार दिवस ढग राहिले आणि सूक्ष्मसाहेब एक पान चिमट्यात धरून जिना उतरून माझ्याकडे आले. ते खाली उतरले म्हणजे गोष्ट गंभीर हे शिपायालाही कळतं. बटाट्यावर दोन करपे येतात, मामा. पुस्तकात एकाचं नाव लवकर येणारा करपा आणि दुसऱ्याचं उशिरा येणारा करपा. हा दुसरा महाभयंकर. मनासारखी हवा मिळाली तर आठ-दहा दिवसांत हिरवंगार शेत काळं करून टाकतो. आमच्या बाजूला दर तिसऱ्या शेतात बटाटा. साहेबांनी मला अकरा पानांचं टिपण दिलं आणि म्हणाले की हे लोकांपर्यंत ताबडतोब जायला हवं. मी दोन दिवस खपून त्याची दोन पानं केली. त्यात एकही ऱ्हस्वदीर्घाची चूक नव्हती. 'प्रादुर्भाव', 'आर्द्रता', 'बीजाणू' हे सगळे शब्द शुद्ध. डोंगर उचलून आणल्यासारखी माझी छाती फुगली होती. वर मोठ्या अक्षरांत मथळा दिला: 'उशिरा येणाऱ्या करप्यापासून सावधान'. खाली आमच्या कार्यालयाच्या मोठ्या साहेबांचा फोटो. तो त्यांनीच पाठवला होता, नाही म्हणायची सोय नव्हती. हातात रोगट पान धरून ते असे प्रसन्न हसत होते की जणू पहिलं बक्षीस मिळालंय. सोमवारी पत्रकं वाटली. मंगळवारी मी दुपारी चक्क डुलकी काढली.

गुरुवारी म्हटलं, फेरफटका मारून बघू. पहिल्याच बांधावर एक गृहस्थ भेटले. झाडाला टेकून निवांत बसले होते. पत्रक त्यांच्या खिशात घडी करून ठेवलेलं. मला कोण आनंद झाला! विचारलं, वाचलंत का?

"वाचलं की," ते म्हणाले. "चांगलं केलंत आधी कळवलंत ते. उशिराच येणार आहे म्हणे. आला की बघू."

मामा, माझ्या पायाखालची जमीन सरकली म्हणतात ते काय, ते मला त्या बांधावर कळलं. मी पुढच्या शेतात गेलो, तिथेही तेच. तिसऱ्या शेतातल्या बाईंनी तर फोटोवरून ताडलं होतं की ही पानाची नवी जात आहे आणि साहेब ती वाटणार आहेत, तेव्हा नाव कुठे नोंदवायचं? मी सायकल हाणत परत आलो आणि सूक्ष्मसाहेबांना सांगितलं. ते खूप वेळ डोळे मिचकावत राहिले. मग म्हणाले, "पण नाव तेच आहे त्याचं." ते खरंच होतं, म्हणून मला जास्तच वाईट वाटलं.

पण खरी शोभा शुक्रवारी झाली. पत्रकाच्या शेवटी मी एक ओळ घातली होती: 'रोगट पाने आढळल्यास कार्यालयात आणून द्यावीत.' किती, कशात, कोणी, याबद्दल अवाक्षर नाही. (वाक्य छोटं ठेवावं असं कुठेतरी वाचलं होतं. नेमकं तेवढंच वाक्य मी छोटं ठेवलं.) ज्यांनी मथळ्यापलीकडे वाचलं होतं अशी प्रामाणिक माणसं सकाळी दहापासून येऊ लागली. कोणी टोपलीभर, कोणी पोतंभर. एकजण ट्रॅक्टरला उघडी ट्रॉली लावून अर्ध्या शेताचा पाला घेऊन आला. एका वृद्ध गृहस्थांनी सरकारी कचेरीत घाण कशी न्यायची म्हणून प्रत्येक पान धुऊन, पुसून, जुड्या बांधून आणलं होतं. टेबलं भरली, कपाटांवर ढीग लागले, जिन्याच्या पायऱ्या हिरव्या झाल्या. मोठे साहेब त्यावरून घसरले आणि तडक घरी गेले.

सूक्ष्मसाहेब वरून आले आणि ट्रॉली पाहून पांढरेफटक पडले. तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं ते त्या अकरा पानांत होतं. मीच कापलं होतं. हा रोग वाऱ्यावर उडतो. तो पाला ज्या ज्या रस्त्याने उघडा आला, त्याच्या दोन्ही बाजूंच्या शेतांना आम्ही घरपोच रोग पाठवला होता. रोग थांबवायला काढलेलं पत्रक, मामा, आणि पत्रकामुळेच रोग गावोगाव फिरून आला.

आम्ही कार्यालयामागे खड्डा खणला. मी, साहेब, शिपाई आणि तो ट्रॅक्टरवाला. सगळा पाला पुरला, वर माती लोटली. साहेबांना कुदळ धरता येत नाही आणि मलाही येत नाही हे त्या दिवशी उघड झालं. ट्रॅक्टरवाल्याने एकदोनदा सांगून पाहिलं, मग आमच्या हातून कुदळी काढून घेतल्या.

हात धुवायला आलो तर पायरीवर अंडीवाल्या मावशी बसलेल्या. दर शुक्रवारी त्या कार्यालयात अंडी द्यायला येतात. त्यांचाही थोडा बटाटा आहे. तोंडाने फटकळ, हिशेबाने चोख, आणि अक्षरओळख असूनही कागद हातात घेतला की आधी उलटा धरून बघतात. (म्हणे, मागे काही लपवलंय का ते कळतं.) मी त्यांना म्हटलं, मावशी, मी हे पत्रक वाचतो, तुम्हाला काय कळलं ते सांगा. पहिला परिच्छेद होईपर्यंत त्यांनी दम धरला.

"थांबा. हे लिहिलंय कोणाला?"

म्हटलं, तुम्हालाच.

"मग मी करू काय, ते कुठं आहे?"

म्हटलं, दुसऱ्या पानावर. चौथ्या परिच्छेदात.

"तिथं पोचेपर्यंत माझी कोंबडी दोन अंडी देईल," मावशी म्हणाल्या.

मी साहेबांना हाताला धरून त्यांच्यासमोर पायरीवर बसवलं. कागद-पेन्सिल घेतली आणि गप्प राहिलो. या नोकरीत मी केलेलं ते पहिलं शहाणपणाचं काम. मावशींनी विचारलं, पानावर दिसतं काय? साहेब म्हणाले, जलसदृश व्रण. मावशी नुसत्या बघत राहिल्या. साहेबांनी डोळे मिचकावले आणि म्हणाले, "म्हणजे... पाण्यात भिजल्यासारखा डाग." कुठे? "कडेला. आणि खालच्या बाजूने पांढरट बुरशी. सकाळी दिसते, ऊन चढलं की दिसत नाही." मावशींनी कपाळावर हात मारला. "मग सकाळी पान उलटून बघा, एवढं म्हणा की! आम्ही आपले दुपारी वरून बघतोय!" असं तासभर चाललं. डाग दिसला तर? झाड उपटून तिथल्या तिथे खड्ड्यात पुरा. पाणी? संध्याकाळी नको. फवारा? डाग दिसायच्या आधी, नंतर उपयोग कमी. तुम्हाला दाखवायचं असेल तर? एकच पान, पिशवीत घट्ट बांधून. शेवटी नावावर अडलं. मावशी म्हणाल्या, ते 'उशिरा' काढा. साहेब म्हणाले, नाव शास्त्रीय आहे. "असू दे. ते तुमच्या वहीत राहू दे," मावशी म्हणाल्या, आणि साहेबांनी, मुलीची पाठवणी करताना बापाचा चेहरा होतो तशा चेहऱ्याने, मान हलवली. सात ओळी झाल्या. मथळा: 'बटाट्याचा करपा: उद्या सकाळीच पान उलटून पाहा'.

छापखानेवाले म्हणाले, तीन दिवस लागतील. तीन दिवस नव्हते. म्हणून शनिवारी सकाळी मी साहेबांना स्थानिक रेडिओ केंद्रावर नेलं. खोली लहान, भिंतींना जाड कापड, मधे एक माइक. तांबडा दिवा लागला आणि साहेब बंद पडले. तोंड उघडं, आवाज नाही. काचेपलीकडच्या निवेदिका हातवारे करत होत्या. मी बोटाने कागदावरच्या ओळी दाखवत होतो. मामा, सगळ्या मुलखाने ती शांतता ऐकली. सुदैवाने मी मावशींनाही बरोबर नेलं होतं. (त्यांची अट एकच, टोपली सोबत येईल.) त्या माइककडे ढुंकूनही न बघता साहेबांना म्हणाल्या, "अहो साहेब, ते पान कुठल्या बाजूनं बघायचं म्हणालात?" आणि साहेब त्यांच्याकडे वळून बोलू लागले. आठ मिनिटं बोलले. एकही अवघड शब्द नाही. मधे दोनदा हसलेही. हे मी प्रथमच पाहिलं.

रविवारी सकाळी मी सायकलवरून निघालो. वाटेतल्या बहुतेक शेतांत माणसं ओणवी होऊन पानं उलटत होती.

करपा आलाच, पण ज्यांनी वेळेवर पाहिलं आणि फवारलं त्यांची बहुतेक शेतं वाचली. मात्र ट्रॉलीच्या रस्त्याकडेची दोन शेतं पार काळी झाली. ती आमच्यामुळेच गेली की वाऱ्यामुळे, हे साहेबांनाही ठामपणे सांगता येत नाही. त्यांतलं एक त्या पानं धुऊन आणणाऱ्या वृद्ध गृहस्थांचं. मी त्यांच्याकडे गेलो. काय बोलायचं ते वाटेत चारदा ठरवलं होतं, तिथे एक अक्षर आठवलं नाही. चूक माझी होती, एवढंच म्हणालो.

"तुम्ही आणा म्हणालात, आम्ही आणलं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "पुढच्या वेळी लिहिलंत की आधी मला दाखवा. मी वाचतो नीट." चहा पाजूनच सोडलं त्यांनी.

तेव्हापासून दर पत्रक छापायच्या आधी मी त्यांच्याकडे जातो. ते चष्मा लावून वाचतात, बोट ठेवून विचारतात, आणि निम्मं खोडतात. दर शनिवारी रेडिओवर साहेब आणि मावशी बोलतात. लोकांची पत्रं येऊ लागली आहेत, त्यांतली बहुतेक मावशींना. मोठ्या साहेबांची कंबर बरी आहे. नव्या पत्रकात पानाचा फोटो आहे, एकट्या पानाचा. तो काढून मोठे साहेब आपला कधी लावायला सांगतात याची सगळे वाट बघताहेत.

मामींना आणि धाकटीला आठवण. गुडघ्याला जपा.

तुमचा आज्ञाधारक (बराचसा)
भाचा

ता. क. मामींनी बटाटे साठवताना वरचेवर निवडून काढावेत. ओलसर डाग असलेला एकही आत राहू देऊ नये. हे साहेबांनी मुद्दाम सांगितलंय.

ता. क. २. मामा, एवढं लांबलचक लिहिलं ते खरं म्हणजे एका कामासाठी. मुख्य कार्यालयात माझी बढतीवर बदली होत होती. आईच्या घरापासून चालत दहा मिनिटं. आईने माझ्यासाठी पुढची खोली रंगवून घेतली आहे, फिकट निळी. मी आठ दिवसांपूर्वी 'नको' असं लेखी कळवलं. का, ते वरच्या पानांवरून तुम्हाला कळेल. तिला मात्र मला सांगता येत नाही. तुम्ही तिचे थोरले भाऊ. एकदा जाऊन सांगाल का? चहा झाल्यावर सांगा, आधी नको.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार एवढ्यात तिचाच फोन आला. पडदे कुठल्या रंगाचे घेऊ, असं विचारत होती. मी सांगून टाकलं. एका वाक्यात, साध्या शब्दांत, अडखळलो नाही. ती "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तेव्हापासून मी या खुर्चीत बसून आहे. तुम्ही साठ वर्षं तिला ओळखता. या 'बरं'चा अर्थ काय, तो उलट टपाली कळवा.