शेवटची जिवंत नळी

मी, खाली सही करणारी, एन्झाइम कारखान्यातली तंत्रज्ञ, वय एकोणतीस, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. सोमवारी माझं ऑपरेशन आहे. "किरकोळ आहे," म्हणत डॉक्टरांनी तीन ठिकाणी सह्या घेतल्या, म्हणून हे.

१. बँकेतली शिल्लक आणि सायकल आईला. "लोक बुरशी आली की फेकतात, तू पगार घेऊन वाढवतेस," असं ती म्हणते. बुरशी वाढवलेली माझी एक बाटली तिने घासून लख्ख केली होती. माफ.

२. विभागप्रमुख साहेबांना काही नाही. कायदेशीर कारण खाली आहे, दुसरं असं:

ओल्या कोंड्यावर बुरशी वाढते, एन्झाइम बनवते आणि तापते. म्हणून थर दोन बोटांचाच हवा. साहेब म्हणाले, "ट्रे काठोकाठ भरा. आपण काय हवा विकतो?"

ट्रे धुणाऱ्या मावशी दारातूनच म्हणाल्या, "साहेब, कोंडा गुदमरतोय. वास घ्या."

"मावशी, तुम्ही फरशी बघा."

दुसऱ्या दिवशी झाडून सगळे ट्रे मेले. साहेबांनी अहवालात कारण लिहिलं: बुरशीचा असहकार.

३. त्या बुरशीची एकच जिवंत नळी उरली आहे, माझ्या घरच्या फ्रिजमध्ये, औषधांच्या डब्यात. ती आणि माझी वही मावशींना. साहेबांनी जाळायला सांगितलेल्या सडक्या पोत्यातून मीच ती बुरशी वेगळी केली होती. दर महिन्याला नव्या नळीत उतरवली नाही तर ती मरेल. मावशींचा हात त्यात माझ्यापेक्षा स्थिर आहे. कारखान्याला ती हवी असल्यास ट्रे-खोली आधी मावशींच्या हाती द्यावी. लेखी.

मावशी म्हणाल्या, "मला कशाला गं? तू येशीलच की."

येईनच. तरीही.

४. मी परत आले तर हे रद्द. कलम ३ मात्र आजपासूनचं दानपत्र समजावं.

ज्याला काही मिळतं तो साक्षीदार नसावा, आणि साक्षीदाराला काही मिळू नये, असं वकिलांनी सांगितलं. त्यानुसार साक्षीदार निवडले.

ट्रे-खोलीबाहेरचा बाक, गुरुवार, नऊ तारीख.

सही: (माझी)

साक्षीदार १: स्टोअरकीपर. पूर्ण वाचलं, दोनदा हसले.

साक्षीदार २: विभागप्रमुख साहेब. माझ्या अहवालांवर करतात तशीच सही, शेवटचं पान उघडून, फोन कानाला: "हं, कुठे करू?"