उलट्या फुलांचा झगा

नीम, १२ मे

प्रिय ओदेतताईस,

धाकट्या भावाचा, अंसेल्मचा नमस्कार. तुझे गुडघे आणि तुझी शेळी यांच्यासाठी रोज प्रार्थना करतो (गुडघ्यांसाठी आधी). मी ठीक आहे.

ईस्टरला येऊन तू माझं कपाट आवरलंस आणि नोएमीचे कपडे चर्चच्या विक्रीला दिलेस, त्याचा राग नाही. बायको जाऊन चार वर्षं झाल्यावर कपाट आवरायचंच असतं. फक्त त्यात तिचा निळ्या फुलांचा झगाही गेला. तो मीच कापला होता. फुलाफुलांच्या तयार कपड्यांच्या आमच्या कारखान्यात तेव्हा मी नवा. छापातली सगळी फुलं वर बघणारी, आणि मी पाठीचा डावा तुकडा उलटा ठेवून कात्री चालवली. मुकादम म्हणाला, "घरी ने, बायकोला दे. दुकानात गेला तर पॅरिसवाले मालक मलाच उलटा टांगतील." नोएमीने तो अठरा उन्हाळे घातला.

परवा चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेला तो झगा माझ्या पुढच्याच बाकावर येऊन बसला. आत पोस्टातल्या वियाला बाई. सगळे उभे राहिले तेव्हा मी गुडघ्यांवर, सगळे गुडघ्यांवर तेव्हा मी उभा (शेजारच्या म्हाताऱ्या गास्तोंने माझी नाडी पाहिली). शेवटी एकमेकांना शांती चिंतून हात मिळवतात, तेव्हा बाई वळल्या, तर मी हात सोडायलाच विसरलो.

बाहेर त्यांनी गाठलंच. "काय हो, तासभर माझ्या पाठीवर काय वाचत होता?"

"फुलं उलटी आहेत," मी म्हणालो. (याहून बरं सुचलं नाही.)

"असू देत! मी वाकले की देवाला सुलटी दिसतात."

मग मी सगळं सांगितलं. बाईंनी झग्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "येत्या रविवारी धुऊन, इस्त्री करून घरी आणून देते."

तुझा,
अंसेल्म

ता. क. शेळीचं थोडं चीज पाठव. बाई येतील तेव्हा समोर काहीतरी ठेवायला हवं.

आणखी एक. खरं तर पत्र याचसाठी. रविवारच्या आत त्यांना दोन ओळी लिही, की झगा परत नको, त्यांनीच घालावा, घालूनच यावं. मला तोंडाने सांगता येणार नाही. चार वर्षं तो कपाटात नुसता टांगलेला होता गं; परवा चर्चच्या पायऱ्या उतरला. बाई नोएमीपेक्षा जरा भरभर चालतात, पण ते लिहू नकोस. त्याचं मी देवाशी बोलेन.