नवव्या प्रकरणाचं माप

१५ नोव्हेंबर, लोणखेडा

१. नोकरी सोडली.
२. शौकतचाचांच्या माडीवर खोली घेतली.
३. कादंबरीची कार्डं लावायला मोठी भिंत मिळाली. खूश आहे.

मी इमारतींचे आराखडे करते. कादंबरीही आधी पूर्ण आखणार, मगच पहिलं वाक्य. चेतना म्हणते, इतकं आखशील तर कथेचा जीव जाईल. होस्टेलपासून माझं लिखाण तीच आधी वाचते. खाली चाचा सारंगखेड्याच्या घोडेबाजारासाठी खोगिरं शिवतात. त्यांची मुलगी तबस्सुम चहा घेऊन आली. भिंत पाहून म्हणाली, "दीदी, पुस्तक लिखी ऱ्हायनी का पूल बांधी ऱ्हायनी?"

१८ नोव्हेंबर

पात्रांना नावं सुचेनात. चाचांच्या घरातलीच तात्पुरती घातली. तिसऱ्या प्रकरणात सुरैय्या जिन्यावरून पडते. सहाव्यात शौकतचा उजवा हात जातो. नवव्यात, शेवटी, तबस्सुम तापीत बुडते. तिचं कार्ड तिलाच विचारून भरलं: उंची पाच-दोन, डावखुरी, पोहता येत नाही. चाचांनी ते पाहिलं आणि हातातला दोरा खाली ठेवला.

"बेटा, माप लिधं ते खोगीर पुरं करनंच पडस. नही ते माप जनावरना आंगवर ऱ्हास."

धंद्यातली समजूत: घेतलेलं माप अर्धवट सोडायचं नाही. ऐकून घेतली.

२३ नोव्हेंबर

सुरैय्याचाची जिन्यावरून पडल्या. खुबा मोडला. जिना मी तपासला. कठडा पक्का, पायऱ्या कोरड्या. कार्डांवरची नावं बदलली.

२६ नोव्हेंबर

खोगीर शिवताना चाचांच्या उजव्या तळहातातून आरी आरपार गेली. बोटं हलत नाहीत. म्हणजे नावं बदलून उपयोग नाही. कार्डं चुलीत घातली. चाचा म्हणाले, कातडं जळतं, माप जळत नाही.

पुढच्या गुरुवारी बाजार. खोगिरं घेऊन आता तबस्सुमलाच जावं लागणार. बाजार तापीच्या काठावर.

२९ नोव्हेंबर

लिहायला बसले. नववं प्रकरण पुरं करायचं, पण तबस्सुमला वाचवून. ती काठावर पोहोचते आणि माझा हात पुढचं वाक्य पाण्यातलंच लिहितो. दर वेळी.

खऱ्या तबस्सुमला बाजाराला जाऊ नको म्हटलं. ती म्हणाली, अब्बांचा हात गेला, आता बाजारही घालवू का?

३० नोव्हेंबर

चाचांना विचारलं, माप घेतल्यावर घोडा मेला तर? म्हणाले, त्याच मापाचा दुसरा बघतो. माप तेच राहतं, घोडा बदलतो.

नवं कार्ड केलं. माझं नाव घातलं. शाई उमटत नाही. मी पाच-सात. उजव्या हाताची. पोहते. मी त्यात बसत नाही —

१ डिसेंबर

तबस्सुमचे केस सकाळपासून ओले. अंघोळ केली नाही म्हणते. जेवताना खोकली — ताटात गढूळ पाणी, वाळू —

चेतनाला विचारायचं नाही असं काल ठरवलं होतं. आज निरोप पाठवला:

चेतना, तुझी उंची पाच-दोनच ना? डावखुरी आहेस ते मला माहीत आहे. पोहायला अजून शिकली नाहीस ना? बुधवारपर्यंत नक्की कळव. विशेष काही नाही, फक्त कार्डावर तुझं —