जिन्यात लक्षात आलं

रविवार, ८ मार्च

झालं ते एवढंच :
१. लॅबमधली भिंगरी बहिणीच्या बाळंतपणाला गेली. आपल्या पेशींना खाऊ घालायचं काम माझ्यावर टाकून.
२. प्रौढ उंदराच्या मेंदूतल्या मूळपेशी. त्या नुसत्या वाढत राहाव्यात म्हणून ग्रोथ फॅक्टर घालावा लागतो.
३. काल डिशमधला द्रव बदलला. फॅक्टरची कुपी फ्रीजमध्येच राहिली.
४. लक्षात आलं तेव्हा मी जिन्यात होते.
५. परत वर गेले नाही.

सोमवार, ९ मार्च

आजही घालता आला असता. नाही घातला.

मॅडम मला ‘अहो’ म्हणतात आणि तिला ‘अगं’. ती येऊन आठ महिने झाले. मी चार वर्षं इथे आहे!

बुधवार, ११ मार्च

“मावशी झाले!” म्हणत आली आणि तडक मायक्रोस्कोपला चिकटली. मग किंचाळली. वाटलं — मेल्या.

“अगं, इकडे ये ना! यांना पाय फुटलेत! आणि हिरव्या आहेत!”

हिरव्या. म्हणजे माझा जनुक जागा झाला. गर्भात मेंदू घडताना तो कामाला लागतो, नंतर गप्प होतो. मोठेपणी मूळपेशींत पुन्हा जागा होतो का, हा माझा प्रश्न. जागा झाला की पेशी हिरवी चमकावी, ही सोयही मीच केलेली; भिंगरी वाढवते त्या पेशीही त्याच. माझ्या डिश मात्र कायम काळ्या — कारण मी कधी फॅक्टर चुकवलाच नाही.

मॅडम धावत आल्या. “हाताला गुण आहे गं तुझ्या! मधे कुणी हात लावला होता?”

“नाही,” भिंगरी म्हणाली. “मी सगळं करून गेले होते.”

माझं नाव घेतलं असतं तर जीभ झडली असती का हिची!

गुरुवार, १२ मार्च

कुणाला न सांगता माझ्या दोन डिश फॅक्टरशिवाय लावल्या.

रविवार, १५ मार्च

आईचा फोन. “काय चाललंय?” “तेच.” “चार वर्षं तेच?” टोचून बोलायला कुणी शिकवावं तर हिने.

मंगळवार, १७ मार्च

माझ्या दोन्ही डिश हिरव्या. अजून कुणाला दाखवल्या नाहीत. फोटो काढून ठेवले.

सोमवार, २३ मार्च

भिंगरीने दोनदा करून बघितलं. दोन्ही वेळा काळं.

मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या, “पहिल्या वेळी तुम्ही नेमकं काय केलंत, ते पुढच्या सोमवारी मला सांगा. नाहीतर त्या हिरव्या पेशी कुठून आणल्यात, ते सांगा.”

तुम्ही! तिला!

घरी येईपर्यंत मला हसू आवरत नव्हतं. लॅबमधली जागा गेली तरी तिचं काय अडणार आहे? फोटो माझ्याकडे आहेत. प्रश्न माझा, जनुक माझा, डिशही माझ्या.

गुरुवार, २६ मार्च

भिंगरीने हात धुण्याच्या बेसिनपाशी गाठलं. डोळे सुजलेले.

“बये, आता तरी बोल ना! कुपी सीलबंद होती, मी आल्या दिवशीच बघितली. म्हटलं, हिने हळूच आपली कल्पना माझ्या डिशमध्ये करून बघितली. काय डोकं आहे! मग मॅडमना मी कशाला सांगू? तुझं तू सांगशील. फॅक्टर काढून मीही केलं असतं, पण तो तुझा प्रयोग. मी घालूनच करत बसले, काळ्या येणार हे माहीत असून. आता माझ्या गळ्याशी आलंय गं.”

नळ चालूच होता.

“प्रयोगच होता ना?”

मी मान हलवली. हो म्हणून.

शुक्रवार, २७ मार्च

तिला पाठवलं :

‘प्रयोग नव्हता. कुपी राहिली. लक्षात आलं तेव्हा मी जिन्यात होते आणि तुझ्या पेशी मरोत म्हणून परत वर आले नाही. काल मान हलवली तीही खोटी. सोमवारी मॅडमना हे सांगणार आहे. तू बरोबर येणार, की मी एकटी जाऊ? रविवारपर्यंत कळव.’