उणे पाच यार्ड

१२ जानेवारी २०२५, रविवार
ठरलं. टाइट एंड व्हायचं.
अमेरिकन फुटबॉलमध्ये ही एकच पोझिशन माझ्यासाठी बनलेली आहे. कधी समोरच्याला ढकलायचं, कधी पळत जाऊन पास झेलायचा. म्हणजे आपला विकेटकीपर-बॅट्समन. वय ४३, वजन ९४. इथे जर्मनीत आमच्या गावातल्या बायसन्स क्लबच्या वेबसाइटवर लिहिलंय, कुणीही या. मी टीव्हीवर तीन सीझन बघितलेत, त्यामुळे मला अगदी कुणीही म्हणता येणार नाही.
बायको, अरुंधती, म्हणाली, आधी तळघरातून पाण्याच्या बाटल्यांचे दोन क्रेट वर आण. एक आणला. दुसरा उद्या.

१६ जानेवारी, गुरुवार
प्रोबेट्रेनिंग, म्हणजे चाचणी. मैदान श्पार्गेलच्या, म्हणजे ॲस्परॅगसच्या, शेतामागे. उणे तीन डिग्री. कोच थॉर्स्टन दिवसा हीटिंग दुरुस्त करतो. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि वजन विचारलं. आकडा ऐकून खूश झाला. हाच आकडा ऐकून डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून ठेवला होता.
मेंबरशिपचा फॉर्म तिथल्या तिथे भरला. चार पानं, बारीक टाइप. वाचत कोण बसतो. जर्सी नंबर ८७ मिळाला. करिअर सुरू.

२ फेब्रुवारी
खरं कारण लिहून ठेवतो, इथे कोण वाचतंय. आमची मुलगी अन्वी चौदा वर्षांची झाली. मी मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि हल्ली उत्तर म्हणजे जा, नाइन किंवा गेनाऊ, म्हणजे हो, नाही किंवा बरोबर. लहानपणी माझ्या खांद्यावरून उतरायची नाही. तिने एकदा तरी मला मैदानात खेळताना बघावं, एवढंच हवंय. बाकी काही नको. अमेरिकेतून फोन आलाच तर बघू.
उद्यापासून रोज पाच किलोमीटर पळणे.

३ फेब्रुवारी
पाऊस. सोमवारपासून.
(आज सोमवारच आहे. पुढच्या.)

१३ मार्च
प्रगती उत्तम. थॉर्स्टनची एकच तक्रार. आमचा मधला माणूस वाकून दोन पायांमधून बॉल मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. तोपर्यंत आपल्यापैकी कुणी हलायचं नाही. मी हलतो. आज अकरा वेळा हलल्याचं तो म्हणाला. ही चूक नव्हे, ॲन्टिसिपेशन आहे. हीटिंगच्या लाइनीतल्या माणसाला कळायला वेळ लागेल.
घरी सांगितलं. अरुंधती म्हणाली, विमानाची चाकं टेकायच्या आत उठून बॅग काढणारा माणूस तू, तुझं काय होणार. विषयाशी संबंध नसलेलं बोलायची तिला सवय आहे.

२७ एप्रिल, रविवार
पहिली मॅच. बेंचवर होतो. कोच मला राखून ठेवतोय.

१८ मे
बेंच. इथल्या फेराइनचा, म्हणजे क्लबचा, नियम आहे की प्रत्येक घराने मॅचच्या दिवशी काम करायचं. अरुंधतीला केकच्या टेबलावर लावलं. अन्वीला मैदानाकडेला केशरी खांब धरायला. बॉल जिथे असेल तिथे तो खांब न्यायचा, इतकं सोपं काम. तोंड फुगवून आली. पण आता मी खेळेन तेव्हा सगळ्यात जवळ तीच असणार. याला म्हणतात प्लॅनिंग.
अरुंधतीचा रव्याचा केक दहा मिनिटांत संपला. थॉर्स्टनने तिचं नाव लगेच पाठ केलं. मला अजून ८७ म्हणतो.

२० जुलै
पाचवी मॅच, बेंच. माझं हेल्मेट सगळ्या टीममध्ये सर्वांत स्वच्छ आहे. अन्वी आता रेफ्रीच्या खुणा ओळखते, म्हणे. मला वाटलं मोबाइल बघत असेल.
पळण्याचा प्लॅन रिव्हाइज केला. रोज तीन किलोमीटर. ऊन कमी झाल्यावर.

१४ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळ
शेवटची मॅच. आम्ही ०, ते ३४. चार मिनिटं उरलेली. थॉर्स्टनने ८७ अशी हाक मारली.
गेलो. लाइनीत वाकून उभा राहिलो. डावीकडे बघितलं तर कडेला अन्वी, खांब हातात, आणि माझ्याकडेच बघत होती. हसली. खरंच हसली. मला इतकं भरून आलं की मी निघालो.
बॉल अजून जागेवरच होता.
शिट्टी. पिवळा रुमाल. पाच यार्डांची पेनल्टी. खांब घेऊन अन्वी पाच यार्ड मागे चालत गेली. थॉर्स्टनने मला बाहेर बोलावलं.

१५ सप्टेंबर
वेबसाइटवर माझ्या नावापुढे: खेळलेले प्ले, म्हणजे डाव, शून्य. आल्झो, म्हणजे थोडक्यात, बॉल सुटलाच नाही म्हणून मी हललो तो डाव धरतच नाहीत. पेनल्टी मात्र धरतात. अन्वी गाडीत काहीच बोलली नव्हती. आजही नाही. फार वाईट वाटतंय. मधल्या माणसाने स्नॅपला उगाच वेळ लावला.

१७ सप्टेंबर
निवृत्ती. खेळाडूने शिखरावर असताना थांबावं. भाषण लिहायला घेतलं.

२९ सप्टेंबर
भाषण तयार, मसुदा नववा. सोबत राजीनाम्याचं पत्र. आजच टाकलं असतं पोस्टात, पण गुरुवारी सगळी टीम भेटते. भाषणाला माणसं हवीत.

२ ऑक्टोबर, गुरुवार
भाषण झालं. अकरा मिनिटं. दोघं शेवटपर्यंत थांबले. थॉर्स्टनने पत्र दोनदा वाचलं आणि शांतपणे सांगितलं की क्लब सोडायचं पत्र ३० सप्टेंबरच्या आत द्यायचं असतं. फॉर्मच्या तिसऱ्या पानावर आहे. आता सुटका थेट पुढच्या वर्षाअखेरीस. अरुंधतीला नमस्कार सांग, हेही म्हणाला.

३ ऑक्टोबर. सुट्टी
नाश्त्याला जाहीर केलं की क्लबने माझा करार एक वर्षाने वाढवला. अरुंधतीने चहा खाली ठेवला आणि पोट धरून हसली.
अन्वीने ताटलीतून मान वर केली. पुढच्या वर्षीही खांब मीच धरणार, म्हणाली. मग, बाबा, बॉल सुटायच्या आधी हलू नकोस. मराठीत. अख्खी दोन वाक्यं.
आजपासून सराव: रोज एक तास जागेवरून न हलणे. सोफ्यावर सुरुवात केली. अरुंधती म्हणते, यात मी आधीपासूनच नॅशनल लेव्हलचा आहे, आणि दुसरा क्रेट जानेवारीपासून तळघरातच आहे.